नोंदवही आणि तिचा वाचक

दामाजीपंतांची कथा महाराष्ट्रांत सर्वश्रुत आहे. दुष्काळांत मंगळवेढ्याच्या या अधिकाऱ्यानें बेदरच्या बादशहाचीं धान्याचीं कोठारें भुकेलेल्यांसाठीं खुलीं केलीं, आणि पुढें बादशहाचा कोप ओढवला तेव्हां विठ्ठलानें एका साध्या सेवकाच्या वेषांत बेदरास जाऊन त्या धान्याचें मोल खजिन्यांत भरलें, अशी ती कथा. भाविकाचें मन तींतल्या करुणेवर जडतें, आणि तें स्वाभाविकच आहे. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाची दृष्टि एका लहानशा तपशिलापाशीं थबकते. पैसे भरल्यावर तो सेवक पावती मागून घेतो. सरकारी खजिन्याशीं गांठ पडली म्हणजे प्रत्यक्ष देवाचेंहि कागदावांचून भागत नाहीं, असें ज्या लोकांना वाटलें त्यांनीं राज्यकर्त्यांच्या दफ्तराचा अनुभव पुरेपूर घेतला असला पाहिजे.

गरिबाला द्यावयाची मदत आणि तिची नोंद यांचा संबंध असा जुना आहे. मदत कोणाला मिळाली, किती मिळाली, कोणाला नाकारली, आणि नाकारली तर कां, या प्रश्नांचीं उत्तरें ज्या वहींत असतात ती वही कोण लिहितो याची चर्चा पुष्कळ होते. ती कोणाला वाचतां येते याची चर्चा फार थोडी होते. आज ही वही संगणकांत गेली आहे, आणि कोणाचें नांव ठेवावें व कोणाचें वगळावें याविषयींचा पहिला अभिप्राय कित्येक ठिकाणीं यंत्र देऊं लागलें आहे. मागच्या लाखों नोंदी चाळून, त्यांतले सारखेपणे हेरून, पुढच्या माणसाविषयीं अनुमान बांधणाऱ्या या यंत्राला कृत्रिम बुद्धिमत्ता असें भारदस्त नांव आहे. या व्यवस्थेचा विचार तिच्या नवेपणाच्या बाजूनें करणारे अनेक आहेत. प्रस्तुत लेखांत तो जुनेपणाच्या बाजूनें करावयाचा आहे, आणि त्यासाठीं मराठवाड्यांतल्या केज या तालुक्याच्या गांवापासून आरंभ करावयाचा आहे.

बीडहून अंबाजोगाईकडे जातांना वाटेंत केज लागतें. हा बालाघाटाच्या डोंगरांचा, बेभरंवशाच्या पावसाचा मुलूख. मांजरा नदीवरील मोठें धरण याच तालुक्यांत धनेगांव येथें आहे. २०१६ सालीं तें कोरडें पडलें आणि त्यावर अवलंबून असलेल्या लातूर शहराला मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें, ही गोष्ट अद्याप लोकांच्या स्मरणांत आहे. जेथें धरणाची ही अवस्था होते तेथील कोरडवाहू शेती माणसाला बारा महिने पोसूं शकत नाहीं, हें निराळें सांगावयास नको. म्हणून दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यांतून लाखों माणसें मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीसाठीं पश्चिम महाराष्ट्रांत आणि कर्नाटकांत जातात, व उन्हाळ्याच्या तोंडीं परततात. अशा मुलखांत रेशनचें धान्य, निराधारांचें अनुदान, पिकाच्या नुकसानीची भरपाई हीं घर चालण्याचीं साधनें असतात. आणि अर्धें वर्ष गांवाबाहेर राहणाऱ्या माणसाचें नांव गांवच्या वहींत कसें टिकावें, हा नित्याचा प्रश्न असतो.

१९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हा सारा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होता. संस्थानाच्या कारभाराची भाषा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या पादांत फारसीऐवजीं उर्दू झाली. प्रजेची भाषा येथें मराठीच होती. खालीं मोडींत लिहिलेले कागद आणि वरच्या कचेरींत उर्दूंत चालणारा व्यवहार, अशा दुहेरी दफ्तराखालीं येथील शेतकऱ्याच्या पिढ्या गेल्या. आपल्या शेताविषयीं आणि आपल्या देण्याविषयीं सरकारनें काय लिहून ठेविलें आहे, हें बहुतेकांना स्वतःच्या डोळ्यांनीं वाचतां येत नसे. कोणी जाणत्यानें वाचून सांगावें आणि त्यांनीं मान डोलवावी, एवढाच त्यांचा त्या दफ्तराशीं संबंध.

या गोष्टीचा प्रत्यय अलीकडे पुन्हां आला. सप्टेंबर २०२३ मध्यें महाराष्ट्र सरकारनें निवृत्त न्यायमूर्ति संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली आणि मराठवाड्यांतल्या निजामकालीन दफ्तरांत कुणबी अशा नोंदींचा शोध सुरू झाला. तेव्हां मोडी व उर्दू वाचणाऱ्या माणसांना एकाएकीं मोल आलें. आरक्षणाच्या वादांत येथें शिरावयाचें नाहीं. लक्षांत घ्यावयाचें तें इतकेंच कीं, एका कामासाठीं केलेली नोंद तीन-चार पिढ्यांनंतर सर्वस्वीं निराळ्या कामासाठीं वाचली गेली, आणि ज्यांच्याविषयीं ती होती त्यांच्या वंशजांना ती वाचण्यासाठीं दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावें लागलें. नोंद तिच्या मूळ हेतूहून अधिक काळ जगते, आणि वाचक नसेल तर ती असून नसल्यासारखी असते. संगणकाच्या विचारांतहि हे दोन धडे हाताशीं ठेवणें इष्ट होईल.

आतां प्रत्यक्ष मदतीच्या इतिहासाकडे वळूं. १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळानंतर ब्रिटिश सरकारनें एक कमिशन नेमलें. त्याचा अहवाल १८८० सालीं आला, आणि त्यांतून १८८३ सालीं दुष्काळसंहितेचा पहिला मसुदा निघाला. तिच्यांत गरजू माणूस ओळखण्याच्या दोन रीति दिसतात. धडधाकट माणसासाठीं कसोटीचें काम: खडी फोडण्याचें किंवा माती वाहण्याचें कष्टाचें काम कमी मजुरीवर काढावयाचें, आणि जो येईल तो गरजू समजावयाचा. म्हातारा, आजारी, अपंग, अनाथ, अशा काम न करूं शकणाऱ्यासाठीं यादी: अधिकाऱ्यानें गांवोगांव फिरून पाहणी करावी आणि धर्मार्थ मदतीस पात्र माणसांचीं नांवें लिहावीं. पहिली रीति कठोर होती, पण तिला कोणाच्या खासगी आयुष्यांत डोकावण्याची गरज नव्हती. दुसरी रीति दयेची होती, पण तिचा सारा भार यादी लिहिणाऱ्याच्या डोळ्यांवर आणि दानतीवर पडत असे. आपल्याकडील समाजकल्याणाचा कारभार तेव्हांपासून या दोन रीतींमध्यें हेलकावे खात आला आहे.

त्याच दुष्काळांत पुण्याच्या सार्वजनिक सभेनें एक महत्त्वाची गोष्ट केली. गणेश वासुदेव जोशी व महादेव गोविंद रानडे यांच्या त्या सभेनें ठिकठिकाणच्या माणसांकडून दुष्काळाच्या हकीकती मागविल्या आणि सरकारकडे पत्रांमागून पत्रें धाडलीं. सरकारी आंकड्यांशेजारीं प्रजेनें आपली नोंद मांडण्याचा तो एक आरंभींचा संघटित प्रयत्न होय. सरकारची वही वाचतां येत नसेल तर आपली वही लिहावी, हा त्यांतला अर्थ होता.

स्वतंत्र भारतांत या मुलखाची मोठी कसोटी लागली ती १९७२ च्या दुष्काळांत. मे १९७३ च्या सुमारास राज्यांत जवळजवळ ५० लाख माणसें दुष्काळी कामांवर होतीं. सुखडी, मिलो ज्वारी, आणि खडीचे ढीग यांच्या आठवणी मराठवाड्यांतल्या जुन्या माणसांच्या तोंडून आजहि ऐकूं येतात. याच काळांत महाराष्ट्रानें रोजगार हमीची कल्पना उचलून धरली. वि. स. पागे यांनीं १९६५ सालीं तासगांव तालुक्यांतल्या विसापुरास जो प्रयोग केला होता त्यांतून ही योजना वाढली, आणि तिचा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलांत आला. मागेल त्याला काम, हें तिचें सूत्र. जुन्या कसोटीच्या कामाचें हें पालटलेलें रूप होतें: सरकारच्या कृपेची जागा हक्कानें घेतली, परंतु गरज सिद्ध करावयाची ती काम मागूनच. गरीब कोण, याची यादी आधीं करण्याची येथें जरूर नव्हती. जरूर होती ती हजेरीपत्रकाची. गांवकरी त्याला मस्टर म्हणतात.

मस्टर ही वस्तु दिसावयास साधी. नांव, दिवस, मोजणी, मजुरी, आंगठा. तथापि ती कारकुनाच्या हातांत आणि कपाटाच्या आंत असे. किती दिवसांची हजेरी लिहिली हें न वाचतांच आंगठा उठे. खोट्या नांवांच्या, कमी मोजणीच्या आणि उशिरां मिळणाऱ्या मजुरीच्या तक्रारी ठिकठिकाणीं होत राहिल्या. येथें भाषा उर्दू नव्हती, मराठीच होती. तरी वही पूर्वीसारखीच बंद होती. लिपीचा अडसर गेला आणि कुलपाचा राहिला.

हें कुलूप उघडण्याची युक्ति राजस्थानांतल्या मजुरांनीं दाखविली. मजदूर किसान शक्ति संघटनेनें २ डिसेंबर १९९४ रोजीं पाली जिल्ह्यांतल्या कोट किराणा या गांवीं पहिली जनसुनावणी भरविली. मिळविलेलीं मस्टरें आणि बिलें भर सभेंत मोठ्यानें वाचून दाखविलीं, आणि ज्यांचीं नांवें वाचलीं त्यांनाच विचारलें कीं हें खरें काय. कामावर कधीं न गेलेल्यांच्या नांवें मजुरी निघाल्याचें लोकांनीं तेथल्या तेथें सांगितलें. या साध्या वाचनांतून माहितीच्या अधिकाराची चळवळ उभी राहिली. महाराष्ट्रानें २००२ सालीं स्वतःचा कायदा केला. केंद्राचा कायदा १२ ऑक्टोबर २००५ पासून लागू झाला. त्याच वर्षींच्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्यानें आपल्या १७ व्या कलमांत ग्रामसभेकडून सामाजिक अंकेक्षण व्हावें असें सांगितलें. कोट किराण्याच्या मांडवांत झालेलें वाचन अशा रीतीनें कायद्याच्या भाषेंत आलें.

महाराष्ट्राला ही कल्पना परकी वाटण्याचें कारण नव्हतें, कारण त्याच्यापाशीं चावडी होती. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचें १५० वें कलम पाहावें. जमिनीच्या मालकींत बदल झाला म्हणजे तलाठ्यानें फेरफाराच्या नोंदवहींत तो लिहावयाचा. लिहितांक्षणींच त्या नोंदीची संपूर्ण प्रत चावडींत ठळक जागीं लावावयाची. ज्यांचा संबंध आहे त्यांना लेखी कळवावयाचें. कोणी हरकत घेतली तर ती निराळ्या वहींत नमूद करावयाची आणि तिचा निकाल करावयाचा. आणि अधिकाऱ्यानें प्रमाणित केल्याखेरीज ती नोंद पक्की धरावयाची नाहीं. या चार-पांच पायऱ्यांत पारदर्शक कारभाराचें सर्व सार आलेलें आहे. आधीं सूचना, मग हरकत, मग सही, आणि नंतर बदल. जमिनीची मालकी ही मोलाची वस्तु असल्यानें कायद्यानें तिच्याभोवतीं हें कुंपण घातलें.

चावडीवर यादी वाचण्याचा हा प्रघात जमिनीच्या पलीकडे नेण्याचा यत्नहि झाला. २०१७ च्या जूनमध्यें राज्यानें ३४ हजार २२ कोटी रुपयांची शेतकरी कर्जमाफी जाहीर केली. ८९ लाख शेतकऱ्यांना तिचा लाभ होईल असें सांगण्यांत आलें. अर्ज संगणकावर भरून घेतले, आणि अर्जदारांच्या याद्यांचें चावडीवाचन ठरविलें. त्या दिवाळींत वाटप सुरू होतांच याद्यांतला घोळ बाहेर आला. एकाच आधार क्रमांकापुढें अनेक शेतकऱ्यांचीं नांवें आढळलीं. दोन वर्षांनीं, डिसेंबर २०१९ मध्यें जाहीर झालेल्या महात्मा जोतीराव फुले योजनेंत रीति बदलली. शेतकऱ्याकडून लांबलचक अर्ज न घेतां बँकांकडील खात्यांच्या याद्या गांवांत लावल्या. प्रत्येक नांवापुढें विशिष्ट क्रमांक दिला. शेतकऱ्यानें तो घेऊन सेवा केंद्रावर जावें, समोर दिसणारी रक्कम मान्य असल्यास आंगठा द्यावा, नसल्यास तक्रार नोंदवावी. २४ फेब्रुवारी २०२० रोजीं पहिली यादी लागली ती अवघ्या ६८ गांवांची. तिच्या अनुभवानंतर पुढच्या याद्या निघाल्या. दोन्ही वेळां संगणक होताच. फरक पडला तो क्रमांत. दुसऱ्या वेळीं पैसे हलण्यापूर्वीं ज्याची नोंद त्याला ती दाखविली, आणि नाहीं म्हणण्याची जागा तेथेंच ठेवली.

परंतु यंत्राची वाटचाल सर्वत्र अशी झाली नाहीं. आधार क्रमांकाचा आरंभ महाराष्ट्रांतच, नंदुरबार जिल्ह्यांतल्या टेंभली या आदिवासी गांवीं २९ सप्टेंबर २०१० रोजीं झाला. त्या क्रमांकामुळें एका खात्याची वही दुसऱ्या खात्याच्या वहीशीं जोडणें सुलभ झालें. जोडणी झाली म्हणजे खोटीं नांवें गळतात, हें खरें आहे, आणि सार्वजनिक पैशाचा अपहार थांबावा असें कोणाला वाटणार नाहीं? पण ज्या हाताचे ठसे कोयत्यानें आणि खडीनें झिजून गेले त्या हाताला यंत्र ओळखीत नाहीं, असाहि अनुभव गांवोगांव आला. मस्टराच्या जागीं मोबाईल आला तरी लबाडी संपली नाहीं. १ जानेवारी २०२३ पासून रोजगार हमीच्या कामांवर मजुरांचीं छायाचित्रें दिवसांतून दोन वेळां पाठविणें सक्तीचें झालें. आणि जुलै २०२५ मध्यें केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयालाच राज्यांना लिहावें लागलें कीं छायाचित्राचेंच छायाचित्र काढून पाठविलें जातें, असंबद्ध चित्रें चढविलीं जातात, तरी माणसांनीं तीं तपासावीं. खोटी हजेरी लिहिणाऱ्या कारकुनानें लेखणी ठेवून कॅमेरा हातीं घेतला, एवढेंच.

याहून गंभीर प्रकार हैदराबादेंत घडला. ज्या शहरांतून एके काळीं बीडचा कारभार चालत असे त्याच शहरांत तेलंगण सरकारनें समग्र वेदिका या नांवाची व्यवस्था उभी केली. वाहनांची नोंद, मालमत्ता, वीज, कर अशा निरनिराळ्या खात्यांच्या वह्या एकत्र जोडून प्रत्येक कुटुंबाची ऐपत यंत्रानें ठरवावयाची, असा तिचा प्रकार. राज्यांत सुमारें १९ लाख शिधापत्रिका रद्द झाल्या. नांवांतल्या सारखेपणामुळें एकाची मोटार दुसऱ्याच्या माथीं बसली आणि गरीब कुटुंब श्रीमंत ठरलें, अशीं उदाहरणें बाहेर आलीं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयांत गेलें, आणि एप्रिल २०२२ मध्यें न्यायालयानें या रद्द पत्रिकांची प्रत्यक्ष जागेवर जाऊन फेरतपासणी करण्याचा आदेश दिला. तींत अनेक कुटुंबें पात्र निघालीं. दुष्काळसंहितेंतला पाहणी करणारा अधिकारी निदान घरापर्यंत येत असे. यंत्रानें ती पायपीट वांचविली आणि न्यायालयाला ती पुन्हां करावयास लावावी लागली.

ही केवळ आपल्याकडील अव्यवस्थेची गोष्ट नव्हे. हॉलंडसारख्या सुव्यवस्थित देशांत बालसंगोपनाच्या अनुदानांतली लबाडी हुडकण्यासाठीं कर खात्यानें धोक्याचें माप लावणारें यंत्र वापरलें. हजारों निरपराध पालकांवर परतफेडीचा डोंगर कोसळला, आणि १५ जानेवारी २०२१ रोजीं तेथील मंत्रिमंडळाला राजीनामा द्यावा लागला. त्यापूर्वीं, ५ फेब्रुवारी २०२० रोजीं, हेगच्या न्यायालयानें सिरी नांवाची दुसरी एक सरकारी व्यवस्था रद्द ठरविली होती. ती कशी अनुमान काढते हें कोणालाच पुरेसें पाहतां येत नाहीं, हें त्या निकालाचें एक मुख्य कारण. त्याच वर्षींच्या सप्टेंबरांत ॲम्स्टरडॅम व हेलसिंकी या नगरांनीं, आपण कोणकोणतीं यंत्रें कोणत्या कामासाठीं वापरतों याची वही नागरिकांसाठीं उघडी केली.

आतां पुन्हां महाराष्ट्रांत येऊं. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेंत निरनिराळ्या खात्यांच्या माहितीशीं ताळा करून सुमारें २६ लाख ३४ हजार लाभार्थ्यांचा हप्ता जून २०२५ पासून तात्पुरता थांबविल्याचें सरकारनें त्या जुलैमध्यें जाहीर केलें. जिल्हाधिकाऱ्यांमार्फत फेरतपासणी होऊन पात्र ठरतील त्यांचा लाभ पुन्हां सुरू होईल, असेंहि सांगितलें. यादींत पुरुषांचींहि नांवें निघालीं होतीं, तेव्हां तपासणी अनाठायीं होती असें कोणी म्हणणार नाहीं. माहितीची ही जुळवाजुळव म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्ताहि नव्हे. तरी क्रम पाहावा: आधीं हप्ता थांबला आणि मग तपासणी. सात-बाऱ्यावरील एक नांव बदलावयाचें तर आधीं चावडीवर कागद लागतो. बाईच्या घरांतला हप्ता मात्र आधीं थांबतो आणि कागद मागाहून येतो. ज्याच्यापाशीं जमीन आहे त्याच्यासाठीं फेरफाराचें कुंपण आहे. ज्याच्यापाशीं फक्त कोयता आहे त्याच्यासाठीं तें नाहीं. केजच्या तालुक्यांतलें कुटुंब उसाच्या फडावर असतांना त्याचें नांव वगळलें गेलें, तर त्यास तें कळण्यास उन्हाळा उजाडावा लागेल, आणि तोंवर कां वगळलें हें सांगणारा कोणी जागेवर असेलच असा भरंवसा नाहीं.

येथें एक आक्षेप संभवतो, व तो हलका नाहीं. सर्वच चावडीवर वाचावयाचें तर गरिबाच्या अब्रूचें काय? त्याचें दुखणें, त्याचें कर्ज, त्याच्या घरांतली कुचंबणा ही सभेंत मांडणें हीच एक शिक्षा होय. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठानें २४ ऑगस्ट २०१७ रोजीं खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला, तो गरिबालाहि आहे. बीड जिल्ह्याच्याच अनुभवानें या आक्षेपाचें उत्तर देतां येतें. ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठीं २०१९ सालीं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली गेली. ८२ हजार ३०९ स्त्रियांची पाहणी झाली. त्यांपैकीं १३ हजार ८६१ स्त्रियांची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. हा आंकडा चावडीवर, विधिमंडळांत, वर्तमानपत्रांत, सर्वत्र वाचला जाणें अवश्य होतें, कारण तो समाजाच्या वर्तनाची नोंद आहे. त्यांतल्या एकाहि स्त्रीचें नांव वाचलें जाणें हा मात्र अपराध झाला असता. सत्तेनें काय केलें तें उघड असावें. माणसाच्या शरीरांत व घरांत काय आहे तें झांकलेलें असावें. मस्टरावरील मजुरीची रक्कम पहिल्या वर्गांत येते, दवाखान्याचा कागद दुसऱ्या. सीमारेषा सर्वत्र इतकी स्पष्ट नसेल, परंतु ती काढतां येते.

हा विवेक आज कायद्याच्या हातीं नाजूक स्थितींत आहे. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याच्या ४४ व्या कलमानें माहिती अधिकाराच्या कायद्यांतली एक तरतूद बदलली, आणि नोव्हेंबर २०२५ पासून तो बदल अमलांत आला. पूर्वीं सार्वजनिक कामाशीं संबंध नसलेली किंवा खासगीपणावर विनाकारण घाला घालणारी वैयक्तिक माहिती नाकारतां येत असे. आतां वैयक्तिक या एका शब्दावर ती नाकारण्याची वाट मोकळी झाली आहे. मस्टरावरील नांव वैयक्तिकच असतें. तें नांव झांकून मस्टर वाचावयाचें म्हटलें तर कोट किराण्यास जें उघड झालें तें पुन्हां कधीं उघड व्हावयाचें नाहीं. सुदैवानें त्याच कायद्यांत मोठ्या लोकहितासाठीं माहिती देण्याची मुभा अद्याप शिल्लक आहे. आणि त्याचें चौथें कलमहि जागेवर आहे. त्या कलमाप्रमाणें अनुदानाच्या लाभार्थ्यांचा तपशील सरकारनें आपण होऊन प्रसिद्ध करावयाचा आहे, आणि ज्याच्यावर निर्णयाचा परिणाम होतो त्यास त्या निर्णयाचीं कारणें द्यावयाचीं आहेत. निर्णय यंत्राच्या अभिप्रायावर बेतला असला तरी हें बंधन सुटत नाहीं. यंत्राला कारण सांगतां येत नसेल तर त्याचा अभिप्राय वापरणाऱ्या अधिकाऱ्यानें तें सांगितलें पाहिजे. त्यालाहि सांगतां येत नसेल तर तो निर्णय नव्हेच.

मग करावें काय? परदेशांतून नवी पद्धति आणण्याची मोठीशी गरज नाहीं. फेरफाराची जुनी वही उघडून तिच्या पायऱ्या भाकरीच्या वहीला लावाव्या. यंत्रानें एखादें नांव संशयित ठरविलें तर तें कच्ची नोंद समजावें. ज्याचें नांव त्याला मराठींत, लेखी, कारणासह कळवावें: कोणत्या खात्याच्या कोणत्या नोंदीवरून हा संशय आला, तें लिहावें. हरकतीसाठीं मुदत द्यावी, आणि ऊसतोडीस गेलेल्यासाठीं ती फडावरूनहि पाळतां येईल अशी ठेवावी. हरकत निराळ्या वहींत नोंदवावी, आणि निकालाखालीं माणसाची सही असावी. तोंवर धान्य व हप्ता चालू राहावा. ग्रामसभेंत मात्र नांवांबरोबर आणखी एक गोष्ट वाचली जावी, ती म्हणजे यंत्राचा नियम: तें कोणती माहिती पाहतें, कशाला किती वजन देतें, मागील वर्षीं त्यानें किती नांवें वगळलीं आणि त्यांपैकीं किती चुकीचीं निघालीं. जुन्या काळीं नांव आणि आंगठा वाचला कीं पुरे होत असे, कारण नियम सर्वांना ठाऊक होता. आतां नियमच वहींत दडला आहे.

यास वेळ लागेल, खर्च येईल, कांहीं लबाड माणसें चार महिने अधिक खातील, असें म्हणतां येईल. तें खरेंहि आहे. फेरफारालाहि वेळ लागतो, आणि तरीहि जमिनीच्या बाबतींत तो वेळ आपण खुशीनें देतों, कारण चुकून गेलेली जमीन परत मिळविणें किती कठीण असतें हें आपणांस ठाऊक आहे. चुकून थांबलेल्या धान्याविषयीं असें म्हणावयाचें तर भूक तेवढे दिवस थांबत नाहीं, एवढीच भर घालावी लागेल.

केजच्या मुलखानें वाचतां न येणाऱ्या तीन वह्या पाहिल्या. पहिली परक्या भाषेंत होती, दुसरी कुलपांत होती, तिसरी यंत्रांत आहे. पहिली मराठींत येण्यास संस्थान विलीन व्हावें लागलें. दुसरी उघडण्यास मजुरांना उन्हांत बसून मस्टरें वाचावीं लागलीं. तिसरीसाठीं कोणत्या सत्तांतराची अपेक्षा नाहीं. चावडी आहे, कायद्याचीं कलमें आहेत, फेरफाराचा दाखला आहे. यंत्राला मराठी शिकविणें आतां अवघड राहिलेलें नाहीं. त्याच्या अभिप्रायाखालीं सही करणाऱ्या अधिकाऱ्यानें चावडीवर उभें राहून, ज्याचें नांव वगळलें त्याच्या तोंडावर, तो अभिप्राय कारणासह वाचून दाखवावा, एवढेंच काय तें व्हावयाचें राहिलें आहे.